कब्ज्याचा हुकूमनामा

मुंबई शहरात घराची मालकी आणि घराचा कब्जा या दोन गोष्टी गेल्या शंभर वर्षांत एकमेकींपासून इतक्या दुरावल्या आहेत, की ज्याच्या नावावर इमारत आहे त्याला तिच्यातील एका खोलीत पाऊल टाकावयाचे झाले तर न्यायाधीशाच्या सहीचा कागद लागतो, आणि ज्याच्या नावावर एक वीटही नाही असा गृहस्थ त्याच खोलीत जन्मतो, संसार थाटतो, म्हातारा होतो आणि जाताना ती मुलाच्या हाती जवळजवळ वतनासारखी सोपवून जातो. हा कागद म्हणजे कब्ज्याचा हुकूमनामा. वकील त्याला 'पझेशनची डिक्री' म्हणतात, चाळीतली माणसे नुसती 'ऑर्डर' म्हणतात. त्याचे नाव निघाले की एखादे कुटुंब रस्त्यावर आल्याचे चित्र तेवढे आपल्या मनापुढे उभे राहते. माझ्या मते या कागदाची योग्यता त्याहून पुष्कळ मोठी आहे. टाळे, लाठी आणि तोडलेला नळ यांच्या बळावर जे वाद निकालात निघाले असते, त्या वादांत दोन्ही पक्षांना तिऱ्हाइतापुढे उभे राहून आपापले कारण सांगावयास लावणारी एक रीत त्याने या शहरात रुजविली. पुढे त्या रीतीला जे विद्रूप स्वरूप आले त्याचा दोष मुख्यतः गोठवून ठेवलेल्या भाड्याकडे जातो.

कंपनी सरकारच्या अमदानीत किरकोळ रकमांच्या तंट्यांसाठी १७५३ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' नावाची न्यायालये निघाली होती. १८५० च्या नवव्या कायद्याने त्यांच्या जागी स्मॉल कॉजेस कोर्ट, म्हणजे आजचे लघुवाद न्यायालय, आले. पण भाडेकरूच्या दृष्टीने खरे निर्णायक साल १८८२ हे होय. त्या एकाच वर्षी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि इलाखा शहरांतील लघुवाद न्यायालयांचा कायदा असे दोन कायदे झाले, आणि दोहोंच्या सांध्यात मुंबईचा महिनेवारी भाडेकरू पकडला गेला. पहिल्या कायद्याने सांगितले, की महिन्याच्या बोलीने घेतलेली जागा पंधरा दिवसांच्या नोटिशीने सुटते, मात्र ती मुदत भाड्याच्या महिन्याअखेरीस संपली पाहिजे. दुसऱ्याच्या सातव्या प्रकरणाने मर्यादित भाड्याच्या जागांपुरता झटपट कब्जा मिळविण्याचा अर्ज घरमालकाच्या हाती दिला. मालकाला जागा का हवी आहे, हे विचारण्याचे न्यायाधीशाला प्रयोजन नव्हते. नोटीस रीतसर पोहोचली की नाही, तिच्यातील तारीख बरोबर की चूक, एवढ्याच मुद्द्यांवर कुटुंबाचे राहणे वा उठणे ठरत असे, आणि म्हणून त्या काळच्या वकिलांची सारी बुद्धी नोटिशीतील तारखांचा कीस काढण्यात खर्च होई.

तरीही हा अंमल पुष्कळ वर्षे फारसा जाचक वाटला नाही, कारण गिरगाव, काळबादेवी, भायखळा या भागांत एक खोली सुटली तर दुसरी मिळत असे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला आणि ही घडी विस्कटली. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुनी घरे पाडली, रस्ते काढले, चाळी बांधल्या, परंतु उठलेली सगळी माणसे त्या चाळींत मावली नाहीत आणि ती शेजारच्या वस्त्यांत शिरून तेथली दाटी वाढवीत राहिली. तोच पहिले महायुद्ध आले. लोखंड, सिमेंट, लाकूड महागले, बांधकाम थंडावले, आणि इकडे गिरण्या पूर्ण जोमात चालू असल्याने कोकण, देश आणि उत्तर हिंदुस्थान येथून येणाऱ्या मजुरांचा ओघ तर वाढतच होता. भाडी भराभर चढली. जो वाढीव भाडे देईना त्याच्या हाती पंधरा दिवसांची नोटीस पडू लागली. तेव्हा सरकारने १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रणाचे कायदे केले आणि घरमालकाच्या मर्जीला या शहरात प्रथमच कायदेशीर लगाम बसला. भाडे युद्धापूर्वीच्या पातळीच्या जवळपास बांधून द्यावयाचे आणि भाडे देत राहणाऱ्याला सहजासहजी उठवू द्यावयाचे नाही, अशी ही जुळणी होती. भाड्याला बांध आणि कब्ज्याला बांध या दोन कल्पना तेव्हा जुळ्या भावंडांप्रमाणे जन्मल्या, आणि त्यांना वेगळे करून पाहण्याची बुद्धी पुढे कित्येक दशके कोणाला झाली नाही. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे चाळींच्या रांगा उभ्या केल्या, टंचाई थोडी सैलावली, आणि विशीचे दशक सरता सरता तो पहिला कायदाही मावळला.

मावळला खरा, पण त्याची आठवण राहिली. १९३९ साली काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळाच्या काळात लहान भाड्याच्या जागांपुरता पुन्हा निर्बंध आला. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४४ च्या कायद्याने त्याचे क्षेत्र वाढविले. आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, फाळणीने निर्वासितांचे लोंढे मुंबईत येत असताना, 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७' हा सत्तावन्नावा कायदा मंजूर झाला. १३ फेब्रुवारी १९४८ रोजी तो अमलात आला. त्याने भाड्याचा पाया म्हणून १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. त्या दिवशी ज्या खोलीचे जे भाडे होते तेच तिचे प्रमाण भाडे. करांतील वाढीसारख्या थोड्या अनुज्ञेय बाबी सोडल्या तर त्यावर एक पैही अधिक घेता येणार नव्हती. मूळ योजना तात्पुरती होती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. टंचाई हटेपर्यंतची ती सोय होती आणि तिला मुदत घातलेली होती. ती मुदत वारंवार वाढत गेली व हा तात्पुरता कायदा अर्धे शतक जगला.

या कायद्याच्या बाराव्या आणि तेराव्या कलमांत कब्ज्याच्या हुकूमनाम्याचा सारा प्राण होता. बारावे कलम सांगे, की जोवर भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे, किंवा देण्यास तयार व राजी आहे, तोवर मालकाला कब्जा मागण्याचा अधिकारच नाही. भाडे थकले तरी प्रथम लेखी नोटीस द्यावयाची, एक महिना थांबावयाचे, आणि मग दावा. सहा महिन्यांची थकबाकी असून भाड्याविषयी काही वाद नसेल आणि नोटिशीनंतरही महिनाभरात रक्कम आली नसेल, तर मात्र भाडेकरूची धडगत नव्हती. १९६३ च्या दुरुस्तीने तर अशा प्रकरणी दया दाखविण्याची न्यायाधीशाची मुभाही काढून घेतली. म्हणून थकबाकी असणे हा भाडेकरूचा मृत्यू, आणि ती निर्माण करणे हा मालकाचा उद्योग, असे एक विलक्षण नाटक घरोघरी सुरू झाले. मालकाचा मेहता भाडे घ्यावयास येईनासा होई. आला तर पावती पुस्तक आणलेले नसे. शहाणा भाडेकरू मग मनीऑर्डर करी. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येई, आणि डाकघराच्या शिक्क्याचा तो चिठोरा तो देव्हाऱ्यामागच्या डब्यात जपून ठेवी. कारण 'मी देण्यास तयार व राजी होतो' हे सिद्ध करणारा त्याच्याजवळचा तो एकुलता पुरावा असे. अशा परत आलेल्या मनीऑर्डरींची चळत उलटतपासणीच्या वेळी वकिलाने एकेक करून पुढे केली, की तीस-पस्तीस रुपयांच्या खोलीचा दावा ढासळताना दिसे.

तेराव्या कलमात मालकाला उपलब्ध असलेली कारणे होती: जागेचे नुकसान, परवानगीवाचून केलेले पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा बंद ठेवणे, दुसरी योग्य जागा मिळविणे, इमारत पाडून नवी बांधणे आणि इतर काही. पण या सर्वांत मनुष्यस्वभावाला सर्वांत जवळचे कारण एकच, ते म्हणजे मालकाची वाजवी व प्रामाणिक गरज. येथे कायद्याने एक पाऊल पुढे टाकले, आणि माझ्या मते आपल्या दिवाणी कायद्याच्या इतिहासातील अत्यंत उदार पावलांपैकी ते एक आहे. मालकाची गरज खरी ठरली तरी न्यायाधीशाने तेथे थांबावयाचे नव्हते. हुकूमनामा दिल्यास अधिक अडचण कोणाची होईल, न दिल्यास कोणाची, हे त्याने तोलावयाचे होते, आणि दोघांपैकी कोणाला अन्यत्र वाजवी जागा मिळू शकते हेही पाहावयाचे होते. जागेचा एखादा भागच मालकाला देऊन दोघांची सोय होत असेल तर तेवढ्यापुरता हुकूमनामा करावा, असेही कलम सांगे.

या तुलनेसाठी न्यायालयात जे पुरावे येत ते वाचले, की त्या काळच्या मुंबईचे अंतरंग उघडे पडते. मालक सांगे, मुलाचे लग्न ठरले आहे, आम्ही नऊ माणसे दोन खोल्यांत राहतो, सून आणली तर निजावे कोठे? भाडेकरू उत्तर देई, माझी आई अंथरुणाला खिळली आहे, मुलगी समोरच्याच शाळेत जाते, आणि पगारात बसेल अशा भाड्यात विरारच्या अलीकडे मला कोणी दार उघडणार नाही. मग मालकाच्या ताब्यातील खोल्यांची मोजदाद होई, न्यायालयाचा कमिशनर टेप घेऊन लांबी-रुंदी लिहून नेई, मोरी कोठे, संडास समाईक की स्वतंत्र, माळा राहण्याजोगा आहे काय, याची नोंद होई. शिधापत्रिकेवरील नावे मोजली जात. गावचे घर अजून उभे आहे की पडले, याची साक्ष निघे. दहा फूट बाय बारा फुटांच्या त्या खोलीत किती आयुष्ये एकमेकांना खेटून बसली आहेत हे एरवी शासनाला कधी कळले नसते, ते एका दिवाणी दाव्याच्या निमित्ताने एखाद्या सरकारी कागदाइतक्याच काटेकोरपणे नोंदले गेले. अडचणींची ही तुलना करणाऱ्या न्यायाधीशांविषयी मला फार आदर वाटतो. दोन्ही पारड्यांत खरे दुःख असता त्यांतले कोणते अधिक हे ठरवून सही करणे, हे काम कायद्याच्या पुस्तकाने शिकविता येत नाही.

हे सारे धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयाच्या जुन्या इमारतीत चाले. बृहन्मुंबईपुरता या दाव्यांचा अनन्य अधिकार १९४७ च्या कायद्याने याच न्यायालयाला दिला होता. अपील त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे. दुसऱ्या अपिलाला कायद्यात जागा नव्हती; परंतु राज्यघटनेच्या २२७ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जाता येई आणि विशेष अनुमतीने पुढे दिल्लीस. एका खोलीसाठी चार पायऱ्या चढण्यास दोन तपे लागणे ही अपूर्व गोष्ट राहिली नाही. वादी निवर्तला की त्याचे वारस रेकॉर्डवर येत, प्रतिवादी निवर्तला की त्याचे. आणि ज्या मुलाच्या लग्नासाठी जागा मागितली होती त्याचीच मुले लग्नाची झाल्यावर अखेरचा निकाल लागे. दिरंगाईने येथे दोघांनाही छळले आहे, पण सारखेच छळले असे म्हणता येणार नाही. खोलीत राहणाऱ्याला प्रत्येक तहकुबी म्हणजे आणखी एक महिना छप्पर, आणि बाहेर असलेल्याला तीच तहकुबी म्हणजे आणखी एक महिना दुसऱ्याच्या दारात.

कब्ज्याचा हुकूम नेहमी मालकालाच मिळतो, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे नववे कलम, जे १९६३ च्या नव्या कायद्यात सहावे झाले, असे सांगते की ज्याचा कब्जा त्याच्या संमतीवाचून व कायद्याच्या मार्गावाचून काढून घेतला गेला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास तो कब्जा त्याला परत मिळेल, मग मालकी कोणाचीही असो. भाडेकरू गणपतीला गावी गेला असता मालकाने कुलूप फोडून सामान बाहेर टाकले, तर या कलमाखाली न्यायालय भाडेकरूला पुन्हा आत बसवी. भाड्याची मुदत संपलेली असली तरीही मालकाने स्वतःच्या हाताने त्याला काढू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली स्पष्ट शब्दांत घालून दिले. १९४७ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात तर याहून सूक्ष्म न्याय होता. स्वतःच्या गरजेसाठी म्हणून जागा सोडवून घेतलेल्या मालकाने एका महिन्यात तेथे राहावयास आले पाहिजे. तो आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ती जागा तिसऱ्यालाच भाड्याने दिली, तर जुन्या भाडेकरूने तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून आपली जागा परत मिळवावी, आणि मालकाला दंड वा कैदही व्हावी. पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या आवश्यक सोयी मुद्दाम तोडणाऱ्या मालकाविरुद्ध त्या पूर्ववत करण्याचा हुकूमही याच कायद्याने ठेवला. घरमालकाच्या नळाच्या पान्यापुढे न्यायालयाचा शिक्का उभा राहिला, ही मला विसाव्या शतकातील एक थोर नागरी घटना वाटते.

आता बजावणीकडे वळू. हुकूमनामा झाला म्हणजे कब्जा मिळाला, असे कधीच होत नाही. बहुतेक वेळा न्यायालय काही महिन्यांची सवड देते व भाडेकरूकडून हमीपत्र लिहून घेते, की अमुक तारखेस मी जागा रिकामी करीन आणि तोवर तिसऱ्या कोणास आत घेणार नाही. तारीख उलटली की दरखास्त, दरखास्तीवर कब्जा वॉरंट, आणि वॉरंट घेऊन बेलिफ. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा एकविसावा आदेश या क्षणासाठी बारीक सूचना देतो. हुकूमनाम्याने बांधलेला मनुष्य हटत नसेल तर त्याला हटवावे. दार बंद असेल तर कुलूप तोडावे. पण आत रूढीप्रमाणे परपुरुषासमोर न येणाऱ्या स्त्रिया असतील तर त्यांना आधी सूचना द्यावी आणि बाजूला होण्याची सवड द्यावी. जागेत हुकूमनाम्याने न बांधलेला दुसरा हक्काचा भाडेकरू असेल तर त्याला हलवायचे नाही. वॉरंटाची प्रत दर्शनी भागी डकवून, दवंडी पिटून, केवळ सांकेतिक कब्जा द्यावयाचा. इंग्रजी अमदानीत लिहिलेल्या या संहितेत दवंडी राहिली, हे पाहून मला नेहमी बरे वाटते. कारण गावात काय झाले ते गावाला ऐकू गेले पाहिजे ही आपली जुनी समजूत तीत जिवंत राहिली आहे.

प्रत्यक्ष बजावणीचा प्रसंग असा असे. सकाळी कोर्टाचा बेलिफ, मालकाचा माणूस, सोबत कुलूपवाला आणि चार हमाल. तंटा होण्याचा संभव असेल तर पोलिस बंदोबस्त. शेजारच्या दोन गृहस्थांना पंच म्हणून बोलावीत आणि ते नकार देत, कारण उद्या त्यांना त्याच गॅलरीत राहावयाचे असे. अखेरीस कोपऱ्यावरच्या पानवाल्याची सही मिळे. मग सामान बाहेर येई आणि पंचनाम्यात एकेक वस्तू उतरे: पत्र्याच्या ट्रंका दोन, त्यांपैकी एकीला कडी नाही, पितळी हंडा एक, रॉकेलचा स्टो एक, पाटा व वरवंटा, लोखंडी खाट, गादीसह, शिवणयंत्र, बंद, देवांच्या तसबिरी चार, शाळेची दप्तरे. खोली रिकामी झाली की बेलिफ भिंतींवरून एकदा नजर फिरवी, मालकाच्या माणसाकडून कब्जेपावतीवर सही घेई, आणि नवे कुलूप लागे. कित्येकदा तेवढ्यावरही निभत नसे. खोलीतून एखादा तिसराच इसम पुढे येऊन सांगे, की मी स्वतंत्र हक्काने येथे राहतो, माझ्याविरुद्ध हुकूमनामा नाहीच. झाले, वॉरंट परत! अडथळा दूर करण्यासाठी मालकाला नवा अर्ज, आणि त्या अर्जाचा दाव्यासारखाच पुरावा. १९७६ पूर्वी तर या तिसऱ्या इसमाच्या हक्काचा अखेरचा निवाडा वेगळ्या दाव्यातच होई. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो बजावणीतच करावयाचे ठरले.

या सर्व यंत्रणेच्या मुळाशी जी चूक होती तिच्याविषयी मला मोकळेपणाने लिहिले पाहिजे. १९४० चे भाडे १९६० साली अन्याय्य झाले होते, आणि १९८० साली ते भाडेच राहिले नव्हते. महिन्याच्या पंधरा-वीस रुपयांत जिन्याचा कठडाही दुरुस्त होईना. मालकाने हात आखडला, इमारती खंगल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारला उपकर बसवावा लागला आणि शहरातील १९,६४२ जुन्या इमारती त्या उपकराखाली आल्या. दुसरीकडे, नव्या भाडेकरूकडून पागडी घेणे गुन्हा असूनही तो सर्वांच्या डोळ्यांदेखत राजरोस घडत राहिला, कारण जागेची जी किंमत भाड्यातून वसूल होऊ शकत नव्हती ती कोठून तरी बाहेर येणारच होती. कब्ज्याच्या हुकूमनाम्याचे मोल याच कारणाने भलतेच वाढले. भाडे वाजवी असते तर मालकाला शेकडा नव्वद प्रकरणी जागा परत घेण्याची आतुरता वाटली नसती. भाडे नाममात्र झाल्यावर रिकामी खोली म्हणजे एकदम हाती येणारे घबाड ठरले, आणि प्रामाणिक गरजेच्या नावाखाली अप्रामाणिक दावे न्यायालयात शिरले. तसेच भाडेकरूचेही. मृत भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क देणारी तरतूद विधवेला आणि पोरक्या मुलाला वाचविण्यासाठी होती. तिच्या आडून आयुष्यात कधी त्या खोलीत न निजलेले भाचे आणि पुतणे शिधापत्रिका घेऊन उभे राहू लागले.

टंचाईने पळवाटाही शोधल्या. मालकांनी भाडेपावतीऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुज्ञेचे करार लिहून घेण्यास प्रारंभ केला, कारण अनुज्ञप्तीधारकाला भाडेकरूचे कवच नव्हते. कित्येक कुटुंबे अकरा-अकरा महिन्यांच्या कागदांवर वर्षानुवर्षे राहिली. विधिमंडळाने १९७३ साली एका फटक्यात जाहीर केले, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू अनुज्ञेखाली जो राहत असेल तो भाडेकरू मानला जाईल. असंख्य घरे वाचली. त्याचबरोबर रिकामी जागा बाळगून असलेल्या प्रत्येकाने धडा घेतला, की तीत कोणाला येऊच देऊ नये. आणि मुंबईतील बंद खिडक्यांची संख्या वाढली.

महाराष्ट्राच्या इतर भागांत या कहाणीचे रंग वेगळे होते. विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४९ च्या आदेशाप्रमाणे मालकाला आधी भाडेनियंत्रकाची परवानगी लागे, मग नोटीस, मग दावा. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा चाले. एकाच राज्यातील घरमालकाला नागपुरात एक, औरंगाबादेत दुसरा आणि पुण्यात तिसरा कायदा लागावा ही स्थिती चाळीस वर्षे तशीच राहिली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितले, की १९४० च्या पातळीवर भाडे बांधून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात वाजवीपणा गमावून बसल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपतच होती म्हणून त्या रद्द केल्या नाहीत, एवढेच. त्यानंतरची मुदतवाढ संपता संपता, ३१ मार्च २००० पासून, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा तिन्ही विभागांना एकच कायदा लागू झाला. त्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीस मोकळीक दिली, पागडीला वैधता दिली, थकबाकीच्या नोटिशीची मुदत नव्वद दिवसांची केली, आणि अनुज्ञेच्या मुदतीनंतर न निघणाऱ्यास दुप्पट शुल्काचा भुर्दंड बसवून त्याच्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढचा झटपट मार्ग ठेवला. प्रामाणिक गरज आणि अडचणींची तुलना मात्र त्याने जपली, याचा मला संतोष आहे.

भाड्याचा बांध आणि कब्ज्याचा बांध यांची ती जुळी गाठ १९१८ सालीच सोडविली असती, म्हणजे भाडे काळाप्रमाणे वाढू दिले असते आणि कारणाशिवाय उठविण्यास मात्र सक्त बंदी ठेवली असती, तर मुंबईच्या चाळी आज याहून पुष्कळ चांगल्या स्थितीत असत्या, असे माझे ठाम मत आहे. आता पुनर्विकासाच्या लाटेत त्या चाळीच भुईसपाट होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या दाव्यांचे कागदही जातील अशी भीती वाटते. निकाली मुकदम्यांचे दप्तर ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याची मुभा न्यायालयांना १९१७ च्या कायद्याने आहे, आणि जागेच्या टंचाईत ती वापरली जाणारच. गरिबाच्या घरातील ट्रंका, स्टो आणि शिवणयंत्रांची तारीखवार यादी करणारे असे दुसरे दप्तर या शहराजवळ नाही. म्हणून ज्या वकिलांच्या घरी वडिलांच्या वेळची भाडेदाव्यांची बासने माळ्यावर पडून असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावीत. आणि परत आलेल्या मनीऑर्डरींचे चिठोरे अजून कोणाच्या डब्यात असतील तर तेही सोबत द्यावेत.